गिरित्सा बोटीवरचा सुतार

कोर्चुला, १४ सप्टेंबर १९१५

विच्को,

‘प्रिय’ लिहायला घेतलं होतं, पण हात पुढे जाईना, तेव्हा ते राहू दे.

काल जेर्कोचं पत्र आलं. आईला लिहिलंय, पुला बंदरातल्या गोदीत सुतारकाम मिळालं, जेवणखाण बरं आहे. त्याच पाकिटात माझ्यासाठी वेगळी चिठ्ठी होती. पाणबुडीवर नाव दिलंय, आईला कळू देऊ नकोस, आणि विच्को सोबत आहे, म्हणून काळजी नको.

तू सोबत आहेस म्हणूनच तर काळजी आहे. माझ्या सख्ख्या मावशीचा मुलगा तू. लहानपणी आमच्याच ताटात जेवलास आणि आमच्याच भावाला कड्यावरून समुद्रात उड्या मारायला शिकवलंस. कपाळ त्याचं फुटलं, तू झाडामागे लपलास. गोदीत सुतारांना मागणी आहे, त्याला कुणी जबरदस्ती केली नव्हती. आमच्या घरात तीन पिढ्या तरंगणाऱ्या वस्तू बांधल्या जातात. त्या घरातल्या पोराला तू मुद्दाम बुडायला बांधलेल्या डब्यात नेऊन बसवलंस.

आता आईसमोर रोज खोटं बोलायचं काम माझ्याकडे. तुझ्याकडून मला एकच हवंय. त्याचं काय चाललंय ते मला खरंखरं कळवायचं. तेवढंही जमणार नसेल तर लिहूच नकोस.

पेरिना

*

पुला, ९ ऑक्टोबर १९१५

पेरिनाताईस,

शिव्या पोचल्या. जेर्कोला वाचून दाखवल्या, तो हसून हसून खाटेवरून पडला. इथे खाटेवरून पडायलाही जागा नाही, तरी पडला.

ताई, मी त्याला ओढलं नाही. नाव आधी त्याने दिलं, मागून मी. पाणबुडीवाल्यांना जेवण चांगलं मिळतं, रजेवर घरी न्यायला डबे मिळतात, हा त्याचा हिशेब. मावशी वाळत चालली आहे, असं तूच त्याला लिहिलं होतंस.

बोट आगगाडीने आली. तीन तुकडे, ताडपत्रीत गुंडाळलेले, कापलेल्या सॉसेजसारखे. इथे जोडली. समुद्रात उतरवली तेव्हा ती एवढीशी दिसली, की धक्क्यावरचे लोक हसले. आपण तळून काट्यासकट खातो ती गिरित्सा मासळी, तेच नाव तिला पडलं. खरा नंबर कुणी घेतच नाही. सतरा माणसं, एक इंजिन, पुढे दोन टॉर्पेडो. मी इंजिनवर, जेर्को टॉर्पेडोपाशी. टॉर्पेडो सुटला की बोटीचं वजन कमी होऊन नाक वर उसळतं. मग ज्यांचे हात रिकामे ते आम्ही सगळे पुढे धावत सुटतो, नाक खाली दाबायला. लढाई म्हणजे हे, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

कप्तान हाल्म तरुण आहेत, ग्रात्सचे. आपली भाषा मोडकीतोडकी बोलतात, पण प्रत्येकाच्या आईचं नावसुद्धा पाठ आहे. मावशीची तब्येत विचारत होते.

त्याला काही होणार नाही. मी आहे.

विच्को

*

कोर्चुला, २० जून १९१६

विच्को,

जेर्को रजेवर येऊन गेला. डबे आणले, आईच्या पाया पडला, आणि आठवडाभर गप्प बसला.

तिसऱ्या दिवशी त्याला म्हटलं, चल, वखारीत बाबांची ती अर्धी राहिलेली होडी बघ, दोन फळ्या तरी मार. दारापर्यंत आला. लाकडाचा वास आला तसा मागे फिरला. म्हणाला, “नको ताई, माझ्या हातांना आता दुसरी सवय लागलीय.”

“कसली सवय?”

“विच्कोला विचार.”

म्हणून विचारतेय. गंमत करू नकोस. गंमत वाचायला आमच्याकडे पोट भरलेलं नाही. भाकरीत आता निम्मा भुसा असतो. गावातल्या बायकांना कुणकुण लागलीय, आई घराबाहेर पडत नाही म्हणून तिच्या कानावर गेलं नाही; मला म्हणतात, तुझा भाऊ मोठमोठी जहाजं बुडवतो, तुला काय कमी. मोठमोठी जहाजं बुडवणाऱ्याचं तोंड असं नसतं.

पेरिना

*

कोतोर, ३ ऑगस्ट १९१६

ताईस,

आम्ही आता दक्षिणेला, कोतोरच्या आखातात असतो. हे पत्र गलबतवाल्या शिमेच्या हाती देतोय. तो दारूची पिंपं घेऊन तुमच्याकडेच येतोय. टपालाने असलं काही लिहिता येत नाही.

मोठं जहाज आम्ही एकच बुडवलं, गेल्या हिवाळ्यात. त्यानंतर मोठी जहाजं आमच्या वाट्याला येत नाहीत. ती पहाऱ्यात जातात, वेगाने जातात, आणि गिरित्सा दम लागलेल्या म्हातारीसारखी मागे राहते. इंजिन सारखं बंद पडतं, धूर आत भरतो, आम्ही ओकतो. आमच्या हाती लागतात ती पलीकडच्या, शत्रूच्या किनाऱ्यावरची गलबतं. शिडाची, लाकडी. कांदे, मीठ, कौलं वाहणारी.

त्यांच्यावर टॉर्पेडो घालवत नाहीत. आम्ही वर येतो, बंदूक दाखवतो, गलबतावरची माणसं त्यांच्या होडीत उतरतात. मग आमचा एकजण कापडी होडीतून जाऊन गलबताला स्फोटकं लावून येतो. ती नेमकी कुठे लावायची, म्हणजे गलबत एका दमात जाईल, हे ज्याने तशी गलबतं बांधली त्यालाच कळतं.

आता समजलं असेल. कप्तान सगळ्यांसमोर म्हणाले, “जेर्कोमुळे माझी निम्मी स्फोटकं वाचतात.” त्याला पदक मिळालं. त्याने ते तुला दाखवलं नसेल.

एकदा परत आला तेव्हा म्हणाला, “तिच्या बरगड्या आपल्या बाबांच्या पद्धतीने वाकवल्या होत्या.” मी म्हटलं, सगळे तसेच वाकवतात. तेव्हापासून माझ्याशीही फारसं बोलत नाही.

विच्को

*

कोतोर, ११ मे १९१७

प्रिय ताई,

आम्ही सर्व खुशाल. तुझी व मावशीची खुशाली कळवावी. सोबत एक चीज पाठवत आहे, इथल्या बाजारात नशिबाने मिळालं. जेर्कोची दुसऱ्या कामावर बदली झाली आहे, म्हणून त्याचं पत्र येणार नाही. काळजी नसावी. आमच्या कुझ्माला देवाज्ञा झाली, सुकाणूवर असायचा तो. त्याच्यासाठी चर्चमध्ये मेणबत्ती लाव.

तुझा विच्को

*

कोर्चुला, २ जून १९१७

विच्को,

टपालाने आलेलं तुझं ते गोड पत्र माझ्यासमोर आहे. ‘खुशाल’, ‘नशिबाने’, ‘काळजी नसावी’. एखाद्या कारकुनाकडून लिहून घेतलंस का रे?

आईने ते चीज खाल्लं. कित्येक महिन्यांनी तिने दातांना काही काम दिलं. मीही खाल्लं. इतकं चांगलं होतं, की मी सालसुद्धा चोखली. मग सालीवरचा शिक्का दिसला. लढाईआधी पलीकडचे व्यापारी जत्रेला हेच चीज आणायचे, असंच भोपळ्यासारखं, गळ्याला दोरी बांधलेलं. कोतोरच्या बाजारात ते कुठून येणार? शत्रूच्या किनाऱ्यावरून बाजार करायला गेला होतास का?

त्याच आठवड्यात कचेरीतून माणूस आला. जेर्को लष्करी तुरुंगात आहे. शत्रूला मदत केली, अधिकाऱ्यावर हात टाकला, आणि त्याच्यामुळे एक माणूस मेला, असं त्याने दारातच वाचून दाखवलं. आई आतून ऐकत होती. गेली दोन वर्षं तो गोदीत सुतार आहे, या माझ्या खोट्याचा तिथेच निकाल लागला. ती भिंतीकडे तोंड करून झोपली. आता गल्लीतली दारं मला बघून बंद होतात.

मला सुरुवातीला जेर्कोचाच राग आला. वाटलं, भेदरला असेल, एका भित्र्यामुळे कुणाचा तरी बाप गेला. तीन दिवस मी माझ्या भावाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. मग डोक्यात आलं, साधी गोष्ट असती तर विच्कोने चीज पाठवलं नसतं. ज्याच्या मनात काही नसतं तो माणूस चीज पाठवत नाही.

शिमे शुक्रवारी तिकडे पोचेल. तो उभा राहील, तू लिही.

पेरिना

*

कोतोर, ८ जून १९१७

ताई,

शिमे समोर बसलाय आणि माझ्याकडे बघतोय. लिहितो.

एप्रिलात पलीकडच्या किनाऱ्याजवळ एक गलबत पकडलं. वर एक म्हातारा, दोन गडी आणि म्हाताऱ्याची सून. जेर्को स्फोटकं घेऊन गेला. त्यांची होडी कित्येक दिवस उन्हात पडून तडकलेली होती. प्रत्येक सांध्यातून पाणी आलं असतं. जेर्कोने तिथूनच ओरडून सांगितलं, “ही तरंगणार नाही.” कप्तान म्हणाले, “तो त्यांचा प्रश्न.”

जेर्कोने स्फोटकं खाली ठेवली, मांडी घातली, दोरखंड उसवला आणि त्याचे धागे होडीच्या फटींत ठोकायला लागला. डांबराचा डबा म्हाताऱ्याने आणून दिला. आम्ही भर उन्हात पाण्यावर उघडे, वर आकाश स्वच्छ. माझं टाळकं सरकलं. मीच त्याला ओरडलो, इकडे तुझी माणसं आहेत, विसरलास का?

तुला सगळं हवंय, म्हणून पुढचंही ऐक. कप्तानांनी त्याला जबरदस्तीने परत बोलावलं नाही, कारण तोवर आम्हालाही काम होतं. गलबतात चीज होतं आणि ऑलिव्हचं तेल. कापडी होडीच्या फेऱ्या चालू होत्या. जेर्कोची होडी झाली, माणसं बसून निघाली, तो कठड्यावर येऊन म्हणाला, “झालं, वात पेटवू का?”

कप्तान म्हणाले, “थांब. अजून दोन पिंपं.”

दुसरं पिंप बोटीच्या झाकणात अडकलं. ते ओढणाऱ्यांत मी होतो. तेवढ्यात विमान आलं. जेर्को पोहत आला. पिंप निघेना, झाकण लागेना, झाकण लागल्याशिवाय बुडी मारता येईना. बाँब जवळ पडला. कुझ्मा वर सुकाणूपाशी उभा होता, त्याच्या मानेत तुकडा घुसला. शेवटी लाथा घालून पिंप फोडलं आणि तेलात घसरत घसरत आम्ही खाली गेलो.

आत कुझ्मा जेर्कोच्या मांडीवर गेला. जेर्को उठला, कप्तानांची कॉलर धरली आणि म्हणाला, “हा तेलापायी मेला.” बस, एवढंच. मारलं नाही.

बंदरात आल्यावर कप्तानांनी लिहून दिलं, की जेर्कोने शत्रूची होडी दुरुस्त करत बसून उशीर केला. पिंपांचा शब्द त्यात नाही. आम्ही सगळे मूग गिळून बसलो, कारण सगळ्यांच्या पिशवीत चीज होतं. खटला जुलैत आहे. त्याला गोळी घालतील असं म्हणतात.

विच्को

*

कोर्चुला, १५ जून १९१७

विच्को,

आणि तू मला कागदावर लिहून पाठवतोस. मी काय करू त्याचं? खटला माझ्यापुढे चालणार आहे का?

मला स्वतःचा सगळ्यात जास्त राग कशाचा आलाय ते सांगते. ते चीज मला आवडलं. अजून जिभेवर आहे. त्या बाईच्या घरचं, जी माझ्या भावाने ठोकलेल्या होडीत बसून गेली. मला ते ओकता येत नाही. तुलाही येणार नाही. पण तुला बोलता येतं, मला तिथे कुणी आत सोडणार नाही.

आईने विचारलं, “विच्को होता ना तिथे?” मी हो म्हटलं. ती म्हणाली, “मग तो सांगेल.” एवढंच म्हणून तिने आठवडाभरात पहिल्यांदा पेज घेतली. तू झाडामागे लपणारा पोरगा आहेस, हे मी तिला सांगितलं नाही. तुला बोटीवरून काढतील, कोळशाच्या कामावर घालतील, हे मला कळतं. जा, आणि बोल.

पेरिना

*

कोतोर, २९ जुलै १९१७

ताईस,

बोललो.

खोलीत पाच अधिकारी. जेर्कोची दाढी वाढलेली, माझ्याकडे बघतही नव्हता. आमच्यातले चौघे आधी बोलून गेले, चौघांनाही काही आठवत नव्हतं. माझी पाळी आली. मी पिंपांचं सांगायला लागलो तसे मधले म्हातारे अधिकारी म्हणाले, “विचारलं तेवढंच.”

मी म्हटलं, “विचारा मग. झाकण का लागत नव्हतं, ते विचारा.”

शेवटी टोकाला बसलेल्या एकाने, वयाने लहान होता, खरंच विचारलं, “का लागत नव्हतं?”

“तेलाचं पिंप अडकलं होतं. मीच ओढत होतो. जेर्को तेव्हा वात पेटवायला उभा होता. त्याचं काम संपलं होतं, आमचं बाकी होतं.”

“कुणाच्या हुकमावरून?”

मी कप्तानांकडे बोट दाखवलं. सैन्यात बोट दाखवत नाहीत, तरी दाखवलं.

गोळी टळली. कॉलर धरल्याबद्दल आणि होडी ठोकल्याबद्दल दहा वर्षं किल्ल्यात. कप्तानांना कुणी काही विचारलं नाही. त्यांना बोट परत मिळाली.

बाहेर जिन्यात हाल्म मला भेटला. म्हणाला, “विच्को, निम्मं तेल मी दवाखान्यात पाठवलं होतं. ते तू नाही सांगितलंस.” ते खरं होतं, ताई. मी स्वतः उतरवून दिलं होतं. त्याचा मला आणखीच राग आला. पूर्ण हरामखोर असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, “कुझ्माच्या बायकोला सांगा ते.” तो गेला.

मला एका जुन्या जहाजावर कोळसा भरायला घातलंय. माझ्या जागी गिरित्सावर ब्रनोचा एक पोरगेला माणूस आला. इंजिन तापलं की डाव्या बाजूला दोन ठोसे दे, एवढं मी त्याला सांगून आलो.

विच्को

*

कोतोर, २६ नोव्हेंबर १९१७

ताई,

गिरित्सा परत आली नाही. महिना होत आला. खाली सामुद्रधुनीत जाळी आहेत, सुरुंग आहेत, कशात गेली कुणाला माहीत नाही. हाल्म गेला, ते चौघे गेले, ब्रनोवाला गेला. जेर्कोच्या जागी घेतलेला माणूसही गेला. तो टपाल खात्यातला होता, तेरा दिवसांचं शिक्षण देऊन पाठवला होता.

दोन वर्षं तिच्या पोटात राहिलो. तिचा धूर अजून माझ्या खोकल्यात आहे. इथले लोक येऊन माझा हात हातात घेतात आणि म्हणतात, नशीबवान आहेस, बोललास म्हणून वाचलास. एकाच्या तोंडावर मी कोळशाचं फावडं आपटणार होतो. मी वाचायला बोललो नव्हतो. तुझ्या धाकाने बोललो होतो.

जेर्कोला कुणी सांगितलंय की नाही माहीत नाही. मला आत सोडत नाहीत. बहिणीला सोडतील.

विच्को

*

कोर्चुला, १९ डिसेंबर १९१७

प्रिय विच्को,

जाऊन आले. शिमेच्या गलबतातून गेले, त्याने जागा करून दिली.

निघताना इथल्या बायका म्हणाल्या, बघ, समुद्राने न्याय केला. ज्यांनी दारं बंद केली होती त्याच. मी म्हटलं, समुद्राला न्याय कळत असता तर त्याने टपालखात्यातल्या माणसाला आधी किनाऱ्यावर सोडलं असतं. त्या गेल्या नाक मुरडत.

किल्ल्यात थंडी फार आहे. भिंती घामेजलेल्या. आईने दिलेले सुके अंजीर पहारेकऱ्याने मोडून मोडून बघितले आणि त्यातले निम्मे ठेवून घेतले. जेर्को बाकावर बसला होता. बारीक झालाय, पण नजर पूर्वीसारखी आहे. रजेवर आला होता तेव्हापेक्षा बरी.

मी बोटीचं सांगितलं. मग एकेकाचं नाव घेऊन विचारायला लागला. हा होता का, तो होता का. मी तुझ्या पत्रावरून सांगत गेले. ज्या चौघांना काही आठवलं नव्हतं त्यांचीही नावं त्याने घेतली, तशाच आवाजात. हाल्मचं नाव सगळ्यात शेवटी घेतलं. मी मान हलवली. तो म्हणाला, “त्याला पोहता यायचं नाही. आम्ही हसायचो.”

मग मला वाटलं, धीर द्यावा. म्हटलं, “जेर्को, तू आत आहेस म्हणून जिवंत आहेस. त्या होडीने तुला वाचवलं.”

विच्को, तो माझ्यावर असा उखडला की पहारेकरी जवळ आला. म्हणाला, “ताई, हे तू परत बोलू नकोस. मी तेरा गलबतं फोडली. एकेक बांधायला चार माणसांचं वर्ष जातं, तुला माहीत आहे. त्याबद्दल पदक दिलं. एक होडी ठोकली, त्याबद्दल दहा वर्षं. त्या तेरांबद्दल मला इथे घातलं असतं तर मी तोंडातून शब्द काढला नसता, मुकाट भोगलं असतं. पण त्यांनी मला नेमक्या त्या एका होडीसाठी घातलंय. आणि तू म्हणतेस, झालं ते बरं झालं.”

दोन वर्षं मी सगळ्यांवर ओरडतेय, मला वाटत होतं राग माझ्याकडेच आहे. त्याच्याकडे माझ्याहून जास्त आहे, आणि त्याचा राग नेमक्या जागी आहे.

वेळ संपली म्हणाले. मी म्हटलं, मी अजून बोलतेय. उठले नाही. दोघांनी दंडाला धरून उठवलं. जाताना त्याने तुझी चौकशी केली. म्हणाला, “विच्कोने सगळ्यांसमोर बोट दाखवलं. त्याला सांग, मी बघितलं.”

इथून पुढे दर महिन्याला जाणार आहे. कमांडरच्या कचेरीबाहेरही बसणार आहे, फेरसुनावणी द्या म्हणून. त्यांना माझं तोंड पाठ होईपर्यंत. आई म्हणते तीही येईल, तिला खुर्ची लागेल. तुझी कोळशातून सुट्टी कधी असते ते कळव. कारकुनी पत्र नको, साधं लिही. त्या दिवशी आंघोळ करून ये, आणि झाकणाचं पुन्हा सांग. एकदा सांगून त्यांना ऐकू आलेलं नाही.

तुझी,
पेरिनाताई